रक्त म्हणतं आजार आहे, स्कॅन म्हणतो काही दिसत नाही

सीमाभागात मूतखड्याचं कुणाला नवल वाटत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे खडा झाला की दोष बोअरच्या पाण्याला देतात, कुळथाचं कढण सुरू होतं, अगदीच असह्य झालं तर दवाखाना. खडा पडतो किंवा फोडून काढतात आणि माणूस परत कामाला लागतो. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तीच कळ. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्यावर एखादे डॉक्टर रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगतात. ते वाढलेलं निघतं, मग पीटीएच नावाची तपासणी होते, तीही वाढलेली. आणि मग चिठ्ठीवर लिहून येतं: मानेचा स्कॅन.

इथे घरातले सगळे चक्रावतात. खडा मूत्रपिंडात, मग स्कॅन मानेचा कशाला? पुढचा गोंधळ त्याहून मोठा. स्कॅनचा रिपोर्ट येतो, त्यात 'विशेष काही आढळलं नाही' असं असतं, आणि सर्जन म्हणतात, ऑपरेशन करायला हवं. "अहो, काही नाहीच म्हणतात तर कापायचं काय?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, की त्याचं उत्तर एकदाच नीट लिहून ठेवावं म्हटलं.

गळ्यातल्या चार ग्रंथी

गळ्याच्या पुढच्या बाजूला थायरॉईड ग्रंथी असते, ती सगळ्यांना ठाऊक आहे; गल्लीत दोन-चार घरी तरी सकाळी उपाशीपोटी तिची गोळी घेतली जाते. तिच्या मागच्या बाजूला चिकटून, साधारण तांदळाच्या दाण्याएवढ्या चार छोट्या ग्रंथी असतात. त्या पॅराथायरॉईड. शेजार थायरॉईडचा असला तरी कामाचा तिच्याशी काही संबंध नाही. थायरॉईडची गोळी घेऊन पॅराथायरॉईड बरी होत नाही, आणि थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पॅराथायरॉईडही ठीक आहे असं होत नाही.

या चौघींचं काम एकच, रक्तातलं कॅल्शियम बांधलेल्या पातळीत ठेवणं. कॅल्शियम जरा उतरलं की त्या पीटीएच हे संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं, मूत्रपिंडाला कॅल्शियम लघवीवाटे सोडू देत नाही, आणि ड जीवनसत्त्वाला कामाला लावून आतड्यातून जास्त शोषून घेतं. कॅल्शियम पुरेसं झालं की ग्रंथी गप्प बसतात.

बिघाड होतो तो असा: चारांपैकी एक ग्रंथी (शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी रुग्णांत एकच) वाढते आणि गप्प बसायचं विसरते. रक्तात कॅल्शियम भरपूर असूनही ती पीटीएच सोडतच राहते. हाडं पोखरतात, जादा कॅल्शियम मूत्रपिंडातून जाताना खडे होतात. थकवा, बद्धकोष्ठ, सतत तहान, चिडचिड, अंगदुखी यांकडे 'वय झालं' म्हणून दुर्लक्ष होतं. कुणाला स्वादुपिंडाला सूज येते. आपल्याकडे काही रुग्ण तर घरातल्या घरात घसरून मांडीचं हाड मोडल्यावरच उजेडात येतात. त्या वाढलेल्या ग्रंथीला अॅडिनोमा म्हणतात. ही कॅन्सरची गाठ नव्हे. या आजारात कॅन्सर निघण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आहे.

इलाजही सरळ आहे. बिघडलेली ग्रंथी काढायची, बाकीच्या तीन ठेवायच्या. चारही काढल्या तर कॅल्शियम इतकं खाली जाईल की हातपाय वाकडे होऊन झटके येतील.

गळती आहे हे कळणं वेगळं, कुठे आहे हे कळणं वेगळं

समजा गल्लीतल्या नळाच्या लाईनला गळती आहे. टाकीतून किती पाणी सुटलं आणि घरांच्या मीटरवर किती पोचलं, यातला फरक बघितला की गळती आहे हे पक्कं होतं. त्यासाठी रस्ता खोदावा लागत नाही. गळती नेमकी कुणाच्या दारासमोर आहे हा पुढचा प्रश्न. ती जागा आधी सापडली तर हातभर खड्ड्यात काम होतं, नाही सापडली तर सगळी गल्ली उकरावी लागते. पण शोधणाऱ्याच्या यंत्राला जागा लागली नाही, म्हणून मीटरचा हिशोब खोटा ठरत नाही. पाणी जातंच आहे.

इथे मीटर म्हणजे रक्ताची तपासणी, आणि स्कॅन म्हणजे जागा शोधणारं यंत्र. आजार आहे की नाही हे रक्त ठरवतं. ऑपरेशन करायचं की नाही हे रक्त, वय, हाडांची घनता, खडे आणि मूत्रपिंडाची अवस्था मिळून ठरवतात. हे दोन्ही ठरल्यावर, कुठे चिरायचं एवढंच सांगायला स्कॅन येतो. लोकांचा सगळा घोळ हा क्रम उलटा धरल्यामुळे होतो. आणि खरं सांगायचं तर लोकांचाच नाही, कधीकधी चिठ्ठी लिहिणाऱ्यांचाही.

रक्ताचा कागद कसा वाचायचा

खानापूर तालुक्यातल्या पन्नाशीच्या एखाद्या मावशींचा कागद असा असेल: कॅल्शियम ११.४, फॉस्फरस २.३, पीटीएच १८६, ड जीवनसत्त्व १४. कॅल्शियमची नेहमीची पातळी साधारण ८.५ ते १०.५, पीटीएचची साधारण १५ ते ६५. प्रत्येक लॅबचे आकडे थोडे इकडेतिकडे असतात, ते शेजारच्याच रकान्यात छापलेले असतात.

यात बघायची गोष्ट म्हणजे जोडी. कॅल्शियम वाढलं की पीटीएच दबून तळाला जायला हवं. इथे दोन्ही एकाच वेळी वर आहेत. याचा अर्थ ग्रंथी ऐकेनाशी झाली आहे. कॅल्शियम ११.४ आणि पीटीएच ५५ असेल तर कागदावर पीटीएच 'नॉर्मल' छापून येतं, पण एवढ्या कॅल्शियमला ५५ हेही जास्तच. इथे पुष्कळ जण फसतात.

आता दुसरी जोडी घ्या: पीटीएच १२०, कॅल्शियम ९, ड जीवनसत्त्व ८. ही गोष्ट निराळी. ड जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे कॅल्शियम सांभाळायला ग्रंथी जास्त राबताहेत, म्हणजे त्या आपलं काम नीट करताहेत. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता इतकी पसरलेली आहे, की नुसतं पीटीएच वाढलं म्हणून स्कॅनला पळणाऱ्यांत असे बरेच असतात. त्यांना आधी ड जीवनसत्त्व भरून काढायला हवं, स्कॅन नको.

आणखी दोन बारीक गोष्टी. केस आणि नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर पीटीएचचा आकडा चुकतो. रक्त देण्याआधी ते सांगायचं. आणि लिथियम किंवा रक्तदाबाची थायाझाईड जातीची गोळी चालू असेल तर कॅल्शियम त्यामुळेही वर जातं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नका.

पहिली पायरी सोनोग्राफी

ही सगळ्यात स्वस्त, किरणांशिवाय होणारी आणि तालुक्याच्या गावातही मिळणारी तपासणी. खांद्याखाली उशी देऊन मान मागे करतात आणि जेल लावून यंत्र फिरवतात. बिघडलेली ग्रंथी सहसा थायरॉईडच्या मागे, गडद, लांबट गोळीसारखी दिसते आणि तिच्याकडे जाणारी रक्तवाहिनीही दिसते.

मात्र तपासणाऱ्याला आपण काय शोधतोय हे माहीत असायला हवं. चिठ्ठीवर नुसतं 'नेक सोनोग्राफी' लिहिलं असेल तर थायरॉईडचं माप घेऊन रिपोर्ट हातात मिळतो आणि पॅराथायरॉईडचा त्यात उल्लेखही नसतो. म्हणून रक्ताचा कागद सोबत न्या आणि टेबलावर झोपण्याआधीच सांगा, पॅराथायरॉईड बघायची आहे. सोनोग्राफीची दुसरी मर्यादा हाडाची आणि हवेची: छातीच्या हाडामागे किंवा श्वासनलिकेमागे लपलेली ग्रंथी तिला दिसत नाही.

दुसरी पायरी: एक इंजेक्शन, दोनदा फोटो

हा सेस्टामिबी स्कॅन. सेस्टामिबी हे औषध मुळात हृदयाच्या स्कॅनसाठी वापरतात. ते पॅराथायरॉईडच्या गाठीतही साठतं हे १९८९ साली ध्यानात आलं. औषधाला टेक्नेशियम नावाचा सौम्य किरणोत्सारी पदार्थ जोडून हाताच्या शिरेत देतात. दहा-पंधरा मिनिटांनी, हे किरण टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याखाली पहिला फोटो. त्यात थायरॉईड आणि बिघडलेली पॅराथायरॉईड दोन्ही उजळलेल्या असतात, वेगळ्या ओळखू येत नाहीत. मग सांगतात, बाहेर बसा, चहा-नाश्ता करून या. दोन-तीन तासांनी दुसरा फोटो.

सगळी करामत या मधल्या दोन-तीन तासांत आहे. थायरॉईडमधून औषध लवकर निघून जातं. अॅडिनोमाच्या पेशींत ऊर्जा तयार करणारे कण, मायटोकाँड्रिया, खच्चून भरलेले असतात आणि औषध त्यांत अडकून राहतं. त्यामुळे दुसऱ्या फोटोत थायरॉईड फिकी पडते आणि एक ठिपका तेवढा उरतो. म्हणूनच 'पहिला फोटो झाला, गाडीची वेळ झाली, निघू का' असं म्हणू नये. अर्धा स्कॅन करून घरी जाण्यात काही अर्थ नाही.

याच वेळी कॅमेरा भोवती फिरवून सीटीसोबत चित्र घेतलं तर त्याला स्पेक्ट-सीटी म्हणतात. साध्या फोटोत 'डावीकडे, खाली' एवढं कळतं. स्पेक्ट-सीटीत किती खोल, श्वासनलिकेच्या पुढे की मागे, हेही कळतं. चित्र जबड्यापासून हृदयापर्यंत घेतलेलं असावं. फक्त मानेचं घेतलं तर छातीत उतरलेली ग्रंथी हुकते.

रिपोर्टमध्ये मग असं वाक्य येतं: डाव्या थायरॉईडच्या खालच्या टोकामागे औषध साठून राहिलेलं दिसतं, सोनोग्राफीतल्या १२ मिलिमीटरच्या गाठीशी जुळतं. यातला 'जुळतं' हा शब्द सर्जनला हवा असतो. दोन वेगळ्या पद्धतींनी एकच जागा दाखवली की दोन-तीन सेंटिमीटरच्या चिरेतून नेमकी तेवढीच ग्रंथी काढता येते. 'एकाच आजाराला दोन-दोन स्कॅन कशाला, पैसे काढायला?' या शंकेचं उत्तर इथे आहे. थायरॉईडमधली साधी गाठही सेस्टामिबी धरून ठेवू शकते. एकट्या स्कॅनवर विसंबून भलतीच गाठ काढली जाण्याची भीती असते.

त्यानंतरही दिसलं नाही तर

फोर-डी सीटी. नाव भारदस्त असलं तरी यात चौथी गोष्ट म्हणजे फक्त वेळ. शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उठून दिसणारं औषध, देऊन थोड्या थोड्या वेळाने सीटी काढतात. बिघडलेली ग्रंथी कॉन्ट्रास्ट भरभर घेते आणि भरभर सोडते. शेजारची लसिकाग्रंथी तसं करत नाही. छोट्या किंवा खोल गाठींसाठी ही तपासणी चांगली. पण कॉन्ट्रास्ट मूत्रपिंडावाटे जातं, आणि या रुग्णांची मूत्रपिंडं खड्यांनी आधीच त्रासलेली असतात, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघितल्याशिवाय ती करू नये. साधा सीटी आणि हा सीटी एक नव्हेत. 'मानेचा सीटी झालाय की' म्हणून कुणी जुना रिपोर्ट पुढे केला तर तो इथे बहुधा कामाचा नसतो.

कोलीन पेट-सीटी ही त्याहून नवी तपासणी. बाकीचे स्कॅन हात टेकतात तिथे ती पुष्कळदा ग्रंथी दाखवते. तिच्या औषधातलं किरणोत्सारी फ्लोरीन दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे ते जवळपास बनवून ताबडतोब पोचवावं लागतं. साहजिकच ती मोठ्या शहरांत मिळते आणि महाग पडते. पहिल्याच फटक्यात सगळ्यांनी करावी अशी ती नाही.

मग 'काही दिसत नाही' याचा अर्थ काय?

ढोबळ मानाने सोनोग्राफी किंवा सेस्टामिबी दहापैकी सात-आठ जणांत योग्य जागा दाखवते. उरलेल्या दोघा-तिघांत आजार असतो, पण गाठ फार छोटी असते, खोल असते किंवा एकीऐवजी दोन-चार ग्रंथी थोड्या थोड्या वाढलेल्या असतात. चारही वाढलेल्या असल्या की सेस्टामिबी पुष्कळदा गडबडतो.

अशा वेळी ऑपरेशन रद्द होत नाही, त्याची पद्धत बदलते. सर्जन दोन्ही बाजू उघडून चारही ग्रंथी डोळ्यांनी बघतात. अनुभवी हातांत याही पद्धतीने शंभरातले पंच्याण्णव रुग्ण बरे होतात. जॉन डॉपमन हे अमेरिकेतले नावाजलेले रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्वतः स्कॅनवाले. पहिल्या ऑपरेशनआधी शोधायची एकच गोष्ट आहे, ती म्हणजे चांगला पॅराथायरॉईड सर्जन, असं ते म्हणत. आजचे स्कॅन त्यांच्या काळापेक्षा कितीतरी सुधारलेत, तरी मला हे आजही पटतं. महागडा स्कॅन शोधत तीन शहरं फिरण्यापेक्षा, हे ऑपरेशन नेहमी करणारा सर्जन शोधायला एक फेरी जास्त झाली तरी चालेल.

काही ठिकाणी टेबलावरच खात्री करून घेतात. पीटीएच रक्तात तीन ते पाच मिनिटांत निम्मं होतं. ग्रंथी काढल्यावर दहा मिनिटांनी रक्त तपासून आकडा निम्म्याहून खाली आला की बिघडलेली ग्रंथी बाहेर आली असं धरतात. नाही आला तर आणखी एखादी आत आहे, शोध चालू.

ग्रंथी छातीत जातेच कशी?

आईच्या पोटात बाळ घडत असताना या ग्रंथी जबड्याजवळ तयार होऊन खाली सरकतात. खालच्या दोघी थायमस नावाच्या ग्रंथीबरोबर उतरतात, आणि थायमस छातीत जाते. कुणी वाटेतच थांबते, कुणी तिच्यासोबत छातीत पोचते, तर कुणी थायरॉईडच्या पोटातच अडकते. वरच्या दोघींचा प्रवास छोटा, पण त्या वाढल्या की वजनाने अन्ननलिकेच्या बाजूने मागे घसरतात.

याची किंमत चार्ल्स मार्टेल नावाच्या अमेरिकन जहाजाच्या कप्तानाने मोजली. आजारात त्याची हाडं इतकी खचली की उंची कित्येक इंचांनी घटली. मान उघडून उघडून सर्जन थकले. १९३२ साली सातव्या ऑपरेशनमध्ये गाठ सापडली ती छातीत. त्यानंतर फार दिवस तो जगला नाही. तेव्हा स्कॅन नव्हतेच. आज पहिलं ऑपरेशन फसलं असेल, तर दुसऱ्यांदा हात लावण्याआधी जागा पक्की करणं अत्यावश्यक धरतात. एकदा उघडलेल्या मानेत सगळं चिकटलेलं असतं, आणि आवाजाची नस तिथूनच जाते.

किरणांची भीती, सुईचा आग्रह

टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं, म्हणजे चोवीस तासांनी सोळावा हिस्साही उरत नाही. निसर्गातून दोन-तीन वर्षांत जेवढे किरण आपल्याला मिळतात, साधारण तेवढीच ही मात्रा. गरज असताना एकदा करायला हरकत नाही. गरज नसताना 'बघून ठेवू' म्हणून करू नये. गरोदर असण्याची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर आधी सांगायलाच हवं.

गाठ दिसली की नातेवाईक म्हणतात, सुई घालून तुकडा तपासा, कॅन्सर नाही ना बघा. पॅराथायरॉईडच्या गाठीत सहसा सुई घालत नाहीत. तिच्यातून चांगली-वाईट गाठ नीट कळत नाही, भोवती व्रण होऊन पुढचं ऑपरेशन अवघड होतं, शिवाय पेशी सांडण्याचा धोका.

ज्यांनी थांबायला हवं

डायलिसिसवरच्या रुग्णांत पीटीएच शेकड्यांनी वाढतं. तो वेगळा प्रकार, मूत्रपिंड निकामी झाल्यामुळे चारही ग्रंथी वाढतात; त्यांचा इलाज आधी औषधांनी. तसंच काही घराण्यांत कॅल्शियम जन्मापासूनच थोडं जास्त असतं, पण लघवीतून जाणारं कॅल्शियम फारच कमी. यांना ऑपरेशन करून उपयोग नाही. म्हणून चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवायला सांगतात. ते कंटाळवाणं काम आहे, चुकवू मात्र नका. घरात आणखी कुणाचं कॅल्शियम जास्त निघालं असेल तर तेही सांगा.

आणि स्वतःच्या मनाने दूध-दही बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम तोडलं की ग्रंथी आणखी चेकाळते आणि हाडांतून ओढते. पाणी भरपूर प्यायचं. ड जीवनसत्त्वाची भलीमोठी मात्रा दुकानातून आणून घ्यायची नाही. ते डॉक्टर मोजूनमापून देतील.

जाताना काय न्यायचं

रक्त आणि सोनोग्राफी गावाजवळ होऊन जाते. गॅमा कॅमेऱ्यासाठी मोठं शहर, आणि आपली माणसं सोयीप्रमाणे बेळगाव, मिरज, कोल्हापूर, हुबळी, पुणे अशी पांगतात. निघण्याआधी फोनवर दोनच प्रश्न विचारा: पॅराथायरॉईडचा स्कॅन करता का, आणि सोबत स्पेक्ट-सीटी होतं का. टेक्नेशियम रोज असेलच असं नाही, तेव्हा वार ठरवून जा.

पैशांचं म्हणाल तर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, आणि त्यावरून दोन राज्यांत केवढी तणातणी झाली हे आपल्याला सांगायला नको. कर्नाटकाची आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक आहेच. राजकारण काही म्हणो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्या त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भेटा, आणि ऑपरेशनचं वेगळं व स्कॅनचं वेगळं विचारा.

स्कॅन झाला की नुसता छापील कागद घेऊन निघू नका, सीडी मागून घ्या. सर्जनला वाक्यापेक्षा चित्र हवं असतं, आणि चित्र नसलं तर दुसऱ्या राज्यातले सर्जन पुन्हा सगळं करायला लावतील. आधी मानेचं कसलंही ऑपरेशन झालं असेल, थायरॉईडचंसुद्धा, तर त्या वेळचा डिस्चार्ज कागद आणि काढलेल्या भागाचा बायोप्सी रिपोर्ट कपाटातून शोधून त्याच पिशवीत ठेवा.